झाडांखालची वाट

पनवेल
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय दत्ता,

तुझी खुशाली विचारत नाही. तू तुझ्या आईला लिहितोस, आत्याला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारी मी. त्यामुळे तुझा खोकला, मस्कतची गरमी आणि तुझ्या खोलीवरची कच्ची डाळ मला पाठ झालीय. हे पत्र आत्याचं नाही, माझ्या कामाचं आहे. आणि लवकर उत्तर दे, तुझ्यासारखं दिवाळीचं शिमग्याला नको.

आयटीआयमध्ये आपण ट्रेसिंग पेपरवर ब्लेडनं खरवडायचो, आठवतं? झाडाच्या चिन्हातून रस्त्याची रेघ गेली की ती खरवडायची. मला वाटलं होतं, कॉम्प्युटर आला की सुटलो. कसलं काय! ब्लेड गेलं, माउस आला, खरवडणं तेच. आमच्या ऑफिसला आपल्याच गावाच्या खाडीकडच्या जमिनीचं काम आलंय. एक शेठ तिथे प्लॉट पाडून विकणार आहे. झाड, विहीर, विजेचा खांब, गटाराचं झाकण ही चिन्हं एकदा काढून ठेवलीत, लागेल तिथे उचलून ठेवायची. पण ठेवली की खांबाच्या पोटातून रस्ता जातो आणि झाडाच्या डोक्यातून गटार. मग मी एकेक रेघ हातानं तोडत बसते. तोडून झालं की शेठ म्हणतो, खांब जरा सरकवा. खांब सरकतो आणि रस्ता तिथे दात पडल्यासारखा दिसतो. पुन्हा जोडा, पुन्हा तोडा. डोक्याचा भुगा झालाय.

नकाशे काढायच्या नव्या कॅडमध्ये मागचं झाकायची सोय आहे म्हणे, पण ती एकेका ठिकाणी हातानं करायची. मला आपोआप पाहिजे. तू तिकडे कॅडचे प्रोग्रॅम लिहितोस ना? मग दे लिहून.

आणि एक सांगायचं राहिलं. सर्व्हेयर जागेवर मोजायला गेला तेव्हा आपली मढ्याची वाटही मोजून घेऊन आला. सरकारी नकाशात ती कुठेच नाही. आपल्यात बाया स्मशानात जात नाहीत, त्यामुळे ती वाट मी कधी चालले नाही. पण तुटक रेघेनं काढली मीच. काढताना उगीचच ओढणी डोक्यावर घेतली. आजूबाजूचे हसले, हसू देत.

तुझी,
कुमुद


मस्कत
३ डिसेंबर १९९७

कुमुद,

"दे लिहून" म्हणे! मामाच्या मुलीनं हुकूम सोडला आणि आम्ही शुक्रवारची सुट्टी घालवली. बरोबरच्या कागदावर प्रोग्रॅम आहे. जसाच्या तसा टाइप कर. घाई करशील आणि चुकशील, आणि मग मला शिव्या घालशील, म्हणून आधीच सांगतो: सावकाश.

तो काय करतो ते ऐक. तू नकाशात शंभर झाडं ठेवलीस तरी मूळ झाड एकच असतं, बाकी सगळ्या त्याच्या नकला. माझा प्रोग्रॅम प्रत्येक मूळ चिन्ह उघडतो, त्याच्या कडेनं फिरून त्याच मापाचं पांढरं ठिगळ कापतो, ठिगळ खाली ठेवतो आणि चिन्ह त्यावर परत मांडतो. मूळ बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलतात. शेवटी सगळी चिन्हं रेघांच्या वर आणून ठेवतो. मग शेठला खांब हवा तितका नाचवू दे, खांबाबरोबर ठिगळही नाचेल.

ठिगळ चिन्हापेक्षा किती मोठं हवं, तो आकडा तुला विचारेल. थोडासाच टाक. आणि लक्षात ठेव, ब्लेड रेघ खरवडून टाकायचं, हे ठिगळ फक्त झाकतं. खालची रेघ जिवंत असते.

तो लेआउट नक्की कुठे येतोय? प्लॉट विकायला सुरुवात झाली का? उगीच विचारतोय. इथून गावातलं काहीच दिसत नाही, म्हणून.

दत्ता


पनवेल
६ जानेवारी १९९८

प्रिय दत्ता,

चाललं! पहिल्या झटक्यात नाही, दुसऱ्याही नाही, पण चाललं! एक बटण दाबलं आणि सगळ्या खांबांच्या, झाडांच्या पोटातल्या रेघा गडप. मी खुर्चीतून उठून अख्ख्या ऑफिसला बोलावलं. महिन्याचं काम चहा गार व्हायच्या आत झालं रे. आता मला बसवत नाही. हात शिवशिवतात, काय तोडू नि काय जोडू असं होतं.

साहेब तर इतके खूश झाले की काय सांगू. नकाशे छापायच्या नवीन प्लॉटरवर रंगीत शीट काढून घेतली आणि शेठनं त्याचंच माहितीपत्रक छापलं. साहेब म्हणाले, झाडांचं ठिगळ जरा मोठं कर, हिरवं झाड पांढऱ्यावर उठून दिसेल. मी आकडा वाढवून दिला. पुढचं ऐकून हसशील. प्लॉटांच्या मधली झाडांची रांग साहेबांनी स्वतः बसवली! माउस विंचवासारखा लांबून धरणारा माणूस, दुपारभर एकेक झाड ठेवत बसला होता. मी म्हटलं, मी करते. तर म्हणाले, "राहू दे कुमुद, तू खूप केलंस." हे आमच्या साहेबांचं बोलणं! मला तर भरूनच आलं.

लेआउट आपल्या गावाच्या पश्चिमेला, मिठागराच्या अलीकडे. भराव टाकून झालाय. तू आलास तर ओळखणार नाहीस, बांध नाही की खाजण नाही, नुसतं लाल मातीचं मैदान. प्लॉट विकले जातायत. तुला कशाला रे पंचायती?

कुमुद


मस्कत
२ फेब्रुवारी १९९८

कुमुद,

आता बसून वाच. उभी राहून वाचू नकोस.

मी प्लॉट घेतला. त्याच लेआउटमध्ये. नंबर चौदा. माझ्या खोलीवरच्या सुदामच्या भावानं गावाहून माहितीपत्रक पाठवलं होतं, ते उशाशी ठेवून झोपतोय. मधोमध झाडांची रांग, आणि सगळ्यात दाट झाडं चौदा नंबरात. इथं खिडकीतून बघावं तर नुसते दगडाचे डोंगर, म्हणून झाडं बघितली आणि जीव गेला त्यात. इतकी वर्षं जे साठवलं ते सगळं त्यात घातलं. आईला अजून सांगितलेलं नाही. पायाभरणीलाच तिला हात धरून नेणार.

दोन खोल्या आणि पडवी. पुढची खोली आईला, मासळी सुकवायला मागे अंगण. दुसऱ्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटरचं टेबल ठेवायचं म्हणतो. माझ्यासाठी नाही. मला काय म्हणायचंय ते तुला कळलंय. मामाकडे विषय काढायच्या आधी तुला विचारतोय, कारण तू चिडलीस तर मामा माझ्या बाजूनं उभा राहणार नाही.

आणि त्या नकाशाची फ्लॉपी पाठव. माझंच ठिगळ माझ्याच प्लॉटवर कसं बसलंय ते मोठ्या कागदावर बघायचंय.

दत्ता


पनवेल
२५ फेब्रुवारी १९९८

दत्ता,

शहाणाच आहेस! इतकी मोठी गोष्ट आणि मला पत्रातून? तीही माझ्याच ऑफिसातली? मी रोज तो चौदा नंबर डोळ्यांसमोर घेऊन बसते आणि मला पत्ता नाही! पेढे कुठायत?

सुदाम रजा संपवून परवा तिकडे निघतोय. त्याच्याबरोबर फ्लॉपी देतेय. जी शीट वरच्या ऑफिसात सरकारी मंजुरीला गेली, त्याच नंबरची, त्याच तारखेची फाइल आहे. आत्यानं करंजा बंदरावरची सुकट दिलीय, ती फ्लॉपीपासून लांब ठेव म्हणून सुदामला बजावलंय.

दुसऱ्या खोलीबद्दल मी आज काही लिहीत नाही. तीनदा लिहून फाडलं. खिडकी पूर्वेला नको, स्क्रीनवर ऊन येतं, एवढंच सांगते.

कुमुद


मस्कत
२० मार्च १९९८

कुमुद,

आमच्या साइटवर जुना पेनवाला प्लॉटर आहे, खरंखुरं पेन धरून कागदावर रेघा ओढणारा. त्याच्यावर तुझी शीट काढली. पेनाला ठिगळ कळत नाही गं. त्याला रेघ दिसली की तो ओढतो. पांढरं म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही.

झाडांच्या रांगेखालून एक तुटक रेघ निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौदा नंबरच्या बरोब्बर मधून. माझ्या आईच्या खोलीतून शिरते आणि तुझ्या खोलीतून बाहेर पडते. मध्ये एक लहानसा चौकोन आहे, दगडाच्या चिन्हासारखा. तो कसला?

ती रेघ कोणती हे तू मला नोव्हेंबरात लिहिलं होतंस. म्हणजे तूच काढलीस, तूच झाकलीस, आणि मी प्लॉट घेतला म्हणून कळवलं तेव्हा पेढे मागितलेस. खिडकी पूर्वेला नको म्हणालीस! मढ्याच्या वाटेवर खिडकी कुठल्याही बाजूला असली तरी काय फरक पडतो?

मी शेठला फोन केलाय. तुला जे सांगायचंय ते सांग.

दत्ता


पनवेल
४ एप्रिल १९९८

दत्ता,

तुझं पत्र वाचून अंगाची लाही लाही झाली. मी झाकली? मला माहीत असतं तर तुला त्या प्लॉटच्या जवळ फिरकू दिलं असतं का? अरे, माझ्या स्क्रीनवर मला झाडं दिसत होती! वाट कोपऱ्यात कुठेतरी असेल, मी काढलीय ना, असं धरून चालले. वाटेवर ओळीनं झाडं कुणी ठेवली, ते मी तुला हसत हसत लिहिलं होतं. साहेबांना कौतुक करायचं नव्हतं, मला खुर्चीतून उठवायचं होतं. ठिगळाचा आकडा मात्र मी वाढवला. त्याचं मला वाईट वाटतंय, रोज वाटतंय.

त्या चौकोनाचंही सांगते. सर्व्हेयरनं "दगड" एवढंच लिहिलं होतं, मी हद्दीचा दगड समजून काढला. तुझं पत्र आल्यावर मी बाबांसमोर ओटीवर खडूनं वाट काढली. ही खाडी, हे मिठागर, ही वाट. बाबांना कागदावरचा नकाशा कळत नाही, पण जमिनीवरचा कळला. त्यांनी त्या चौकोनावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "ह्यो इसावा हाय. हितं तिरडी टेकवतात. फुडचं मागं जातात, मागचं फुडं येतात. माज्या भैनीचा, कृष्णीचा मालक गेला तवा मी हितंच खांदा बदलला."

दत्ता, तुझे बाबा गेले तेव्हा तुला रजा मिळाली नव्हती. तार पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. तुला जागा दाखवायची राहिली. मी तर बाई, मला कोण दाखवणार? बाप्ये ती वाट चालतात पण त्यांना नकाशा वाचता येत नाही. मला नकाशा येतो आणि मी वाट चाललेली नाही. आमच्या दोघांच्या मधून साहेबांनी वाट नेली.

मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, वाट खोडलीत का? ते म्हणाले, "मी काही खोडलेलं नाही. झाडं लावलीत. आणि सरकारी नकाशात जी नाही ती वाट मी का दाखवू?" मी म्हटलं, मग वरच्या ऑफिसला मी दाखवते. त्यावर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. गेली नोकरी. कॉम्प्युटरला हात लावायची सोय राहिली नाही.

गावानं हरकत घ्यायचं ठरवलंय. पंधरा मेपर्यंत मुदत आहे. पण वाट आहे असं तोंडानं सांगून भागत नाही, कागद मागतात. ती वाट दाखवणारा एकच कागद या जगात आहे, तो तुझ्यापाशी. त्याच नंबरची, त्याच तारखेची शीट. फ्लॉपीची दुसरी नक्कल मी ठेवली नाही.

पाठवलीस तर लेआउट अडकेल, तुझा प्लॉट जाईल. तुझ्या घामाचा आहे, मला माहीत आहे. तरी मागतेय. पाठव.

कुमुद


मस्कत
१६ एप्रिल १९९८

कुमुद,

तुझ्यावर आळ घेतला, चुकलो. ते मागे घेतो.

पण जरा दम धर. शेठनं फोनवर सांगितलं, चौदा नंबर परत घेतो, आतल्या बाजूचा दुसरा प्लॉट देतो. अट एकच, ती शीट कुठे फिरता कामा नये. ठीक आहे ना? गावाला वाट पाहिजे तर भरावाच्या कडेनं फिरून जाऊ दे. थोडी लांब पडेल एवढंच. गेलेल्याला काय कळतंय गं, कुठून नेलं ते? कळतं ते जिवंत माणसाला. मी इथं जिवंत आहे, आणि मला परत यायला जागा पाहिजे. घर नसेल तर मी कशासाठी परत येऊ? आणखी दहा वर्षं इथल्या खोलीत डाळ उकळत बसू?

बाबांच्या वेळी मी नव्हतो, ते तू मला लिहायला नको होतंस.

आईला प्लॉटचं मीच कळवलंय, वेगळ्या पत्रात, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंदानं वाचून दाखव. वाटेचं तिला सांगू नकोस.

दत्ता


पनवेल
२८ एप्रिल १९९८

दत्ता,

तू आईला लिहिलेलं पत्र मी आनंदानं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "कुटं घेतलान रं माज्या पोरानं?" तुझ्यासाठी मी पुष्कळ काही केलं असतं, पण आत्याच्या तोंडावर खोटं बोलणं माझ्याच्यानं झालं नाही. सगळं सांगितलं, नवा प्लॉटही आणि अटही. तिनं चुलीवरचं उतरवलं आणि म्हणाली, लिव. पुढचं सगळं तिचं आहे. मी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

"दत्ता, बाला, आशीरवाद. सुकट पोचली का?

कुमुदनं सांगितलान. तुला दुसरा पलाट देतात, बेस हाय. पोराला घर पायजे, मला काय समजत नाय असा नाय. तू उन्हातानात राबलास, तुजं हात मी बघलेत. मी तुला कवाच काय मागला नाय.

तुजा बाप गेला तवा म्या दारात उबी होते. तिरडी वळनावर दिसंनाशी झाली. फुडं आमी बाया जात नाय. तुजा मामा सांगतो, त्या दगडावर तुज्या बापाला टेकवला. ता म्या बघला नाय. तुजी आजी तिथंच टेकली. तिची सासू तिथंच. बाई त्या वाटंनं एकदाच जाते, बाला. लगीन होऊन आले तवापासून म्या ती वाट लांबून बघतंय, न मनात बोलते, एक दिस मला पन हितनंच नेतील, ह्यांच्या मागं.

तुला दुसरा पलाट देतील. मला दुसरी वाट कोन देईल?

मी रागवलं नाय. तुजा घर हाय, तुजा तू ठरव. पोटाला खा. तुजी आय."

एवढं सांगून ती सुकट उलटी करायला अंगणात गेली. मीही काही जास्त लिहीत नाही. मुदत तुला माहीत आहे.

कुमुद


मस्कत
७ मे १९९८

कुमुद,

शीट पाठवतोय, पोस्टानं नाही. साइटवरचा एक पोरगा अलिबागचा आहे, उद्याच्या विमानानं येतोय. तो सरळ तुझ्या दारात येईल. त्याच्याकडून नकाशाची नळी घे आणि उघडून बघ. फ्लॉपीही आत आहे.

नवीन शीट काढली. वाट लाल पेनानं घेतली आणि दगडाच्या चौकोनाशेजारी मी हातानं "विसावा" लिहिलं. मग वाटलं, साहेब म्हणतील हे मागाहून केलं. म्हणून पहिलीही ठेवलीय, काळ्या रेघांची, तशीच. दोन्ही घेऊन जा. मामाला बरोबर ने, वरच्या ऑफिसात त्याला बोलू दे. तू मध्ये मध्ये तोंड घालू नकोस, अगदीच गरज पडली तर घाल.

शेठला मी कळवलं. त्यानं बरंच काही ऐकवलं, तेही ऐकून घेतलं. प्लॉट गेला, आणि घातलेलं कधी परत मिळेल ते आता त्याच्या मर्जीवर. पेन जेव्हा लाल रेघ ओढत होतं तेव्हा मी प्लॉटरपाशी उभा होतो. तुटक रेघ म्हणजे पेन थोडं चालतं, उचललं जातं, परत टेकतं. दगडापाशी आलं तेव्हा मी तिथून निघालो. बाहेर वाळूत जाऊन बसलो आणि बाबांसाठी रडलो. चार वर्षांत रडलो नव्हतो.

आईला सांग, तिला कुणी फिरवून नेणार नाही. ती मरायच्या गोष्टी करते म्हणून मी रागावलोय, तेही सांग.

रजेचा अर्ज दिलाय. नाही मिळाली तरी येतोय, या वेळी विचारत बसणार नाही. आल्यावर आधी मामाबरोबर ती वाट चालून येईन.

कुमुद, माझ्याकडे आता प्लॉट नाही. खोली नाही, खिडकी नाही, पूर्वेची नाही की पश्चिमेची नाही. तुझी नोकरीही गेली. तरी विचारतोय. उत्तर लिहू नकोस, मी निघालोय. तोंडावर सांग.

दत्ता